प्रवेशाची यादी आणि आपला समाज

मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक मागासलेपणाची चर्चा आपल्याकडे अनेक वर्षे होत आली आहे. गरिबी, मुलींचे लवकर होणारे विवाह, माध्यमाचा प्रश्न, शाळेतील गळती ही कारणे प्रत्येक परिसंवादात मांडली जातात. २००६ साली न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला आणि या चर्चेला आकडेवारीचा आधारही मिळाला. परंतु जो मुलगा किंवा जी मुलगी या सगळ्या अडचणी ओलांडून, बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचली, तिचे त्या दारात नेमके काय होते, याकडे आपल्या विचारवंतांचे फारसे लक्ष गेलेले नाही. त्या दारावर एक यादी लागलेली असते. यादीच्या खाली दुसरी यादी असते, तिला प्रतीक्षा यादी म्हणतात. या दुसऱ्या यादीतले नाव कधी वर सरकते, कधी तिथेच राहते आणि कधी तिच्यात नसलेलाच कोणीतरी वर्गात येऊन बसतो. ही यादी कोणी लिहिली, कोणत्या नियमाने लिहिली आणि ती सर्वांना पाहू दिली की नाही, या प्रश्नांना मोठा इतिहास आहे. तो इतिहास आपल्याही समाजाचा आहे. यादीबाहेर राहिलेल्यांचा समाज म्हणून तो आपला आहे, आणि यादी लिहिणाऱ्या संस्थाचालकांचा समाज म्हणूनही तो आपला आहे. हे दुसरे आपण सहसा बोलत नाही.

हा विषय मांडण्यासाठी आम्ही नागपूरचा जरीपटका भाग डोळ्यांसमोर ठेवला आहे, त्याला कारण आहे. जरीपटका म्हणजे मराठी फौजेचे जरीचे निशाण. उत्तर नागपुरातील या नावाच्या वस्तीत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे स्थायिक झाली आणि आज जरीपटका म्हटले की नागपूरकराला सिंधी बाजारपेठच आठवते. शेजारी इंदोरा हा आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला आहे. जवळच मेकोसाबागेत ख्रिस्ती कुटुंबे आहेत, टेक्याच्या बाजूला मुसलमान मोहल्ले आहेत. काही किलोमीटरच्या परिघात भाषेने अल्पसंख्य, धर्माने अल्पसंख्य आणि जातीने वंचित असे सारे समाज एकत्र नांदतात. जून-जुलै महिन्यांत या सर्वांची मुले त्याच त्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकांसमोर उभी राहतात. प्रवेशाच्या यादीचा प्रश्न एकट्या एका समाजाचा नाही, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

सिंधी निर्वासितांच्या इतिहासातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. घरदार, शेती, दुकाने मागे सोडून आलेल्या या समाजाने नव्या जागी फार लवकर शाळा-महाविद्यालये काढली. हैदराबाद सिंधमधील महाविद्यालय मागे टाकून आलेले प्राचार्य के. एम. कुंदनानी यांनी बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्यासह १९४९ साली मुंबईत वांद्र्याला नॅशनल कॉलेज सुरू केले, तेव्हा फाळणीला दोन वर्षेच झाली होती. जरीपटक्यातही सिंधी समाजाच्या शाळा उभ्या राहिल्या. दयानंद आर्य कन्या महाविद्यालयासारख्या संस्थेमुळे उत्तर नागपुरातील मुलींना घराजवळ पदवीचे शिक्षण उपलब्ध झाले. पुढे १९६७ साली सिंधी भाषेचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला.

भारतीय संविधानाच्या कलम ३० ने धर्मावर किंवा भाषेवर आधारलेल्या सर्व अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. जरीपटक्यातील सिंधी संस्थेला लागू होणारे कलम आणि सदरमधील अंजुमनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला लागू होणारे कलम एकच आहे. फाळणीने ज्या दोन समाजांना एकमेकांसमोर उभे केले असे मानले जाते, त्या दोघांना संविधानाने एकाच कलमाच्या छत्राखाली आणून बसविले. त्यामुळे या कलमाचा वापर कसा होतो, हाही दोघांचा समान प्रश्न ठरतो.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या भागातील प्रवेश नाकारण्याच्या नोंदींमध्ये धारवाडची नोंद प्रसिद्ध आहे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १८५६ च्या जून महिन्यात एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला की, आपण नेहमीची फी भरायला तयार असूनही आपल्याला तेथील सरकारी शाळेत प्रवेश दिला जात नाही. सरकारने त्या अर्जावर विचार केला आणि एका विद्यार्थ्यासाठी इतर सर्वांची नाराजी ओढवून घेणे योग्य होणार नाही, अशा स्वरूपाचा निर्णय देऊन प्रवेश नाकारला. या निर्णयाबद्दल वरिष्ठ सत्तेने नापसंती व्यक्त केली. पुढे १८८२ च्या हंटर आयोगासमोर हे प्रकरण आले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपल्या लेखनात त्याचा दाखला दिला. त्या मुलावर अन्याय झाला, हे उघड आहे. पण तो अन्याय आज आपल्याला सांगता येतो याचे कारण, सरकारला आपला नकार आणि त्याचे कारण कागदावर लिहावे लागले. त्या काळात तोंडी नकार मिळून परत गेलेली मुले किती असतील, त्यांची मोजदाद कोणीही करू शकत नाही. लिहिलेला नकार पुढच्या पिढीच्या हाती पुरावा म्हणून येतो. तोंडी नकाराचे काहीच उरत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले मोठे प्रकरण मद्रासचे. तेथे वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जागा समाजनिहाय वाटल्या जात. दर चौदा जागांपैकी सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन मागास हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन हरिजनांना, एक अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना आणि एक मुसलमानांना, असा तो हिशेब होता. चंपकम दोराईराजन खटल्यात ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ (४) आले आणि सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी, तसेच अनुसूचित जाती-जमातींसाठी विशेष तरतूद करण्याचा मार्ग खुला झाला. चौदातली एक जागा हा हिशेब योग्य होता की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण तो उघड होता. कोणाला किती मिळाले हे सर्वांना दिसत होते, म्हणूनच त्याला न्यायालयात आव्हान देता आले.

याउलट जेथे हिशेब उघड नसतो, तेथे काय होते हे पाहण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण घेऊ. १९२२ साली हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याचा विचार मांडला. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो प्रस्ताव बारगळला. त्यानंतर १९२६ च्या सुमारास विद्यापीठाने प्रवेशासाठी गुणांबरोबरच ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन देणे सुरू केले. उघड मर्यादेने जे साधता आले नाही ते या मोघम शब्दांनी साधले आणि ज्यू विद्यार्थ्यांची संख्या घटली. तेथील नामांकित खाजगी विद्यापीठांची प्रतीक्षा यादी आजही सहसा क्रमवार नसते. आपला नंबर कितवा, हे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही. आपल्याकडे मुलाखत, देणगी, शिफारसपत्र या गोष्टींची भलामण करणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. मोजता न येणारी कसोटी ज्याच्या हातात असते, तो ज्याला नको त्याला कारण न देता बाहेर ठेवू शकतो. अल्पसंख्य समाजाला गुणांच्या कठोर यादीपेक्षा या मोघमपणाची भीती अधिक वाटायला हवी.

महाराष्ट्रातील आजच्या प्रवेशपद्धतीचा इतिहास साधारणपणे १९८३ पासून सुरू होतो. त्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. महाराष्ट्रातील मुले देणगी भरून कर्नाटकात जात होती, ती आपल्याच राज्यात शिकावीत हा त्यामागचा युक्तिवाद होता. जागा वाढल्या हे खरे. पण त्याबरोबर महाविद्यालयात दोन याद्या आल्या. एक फलकावर लागणारी, दुसरी कार्यालयातल्या टेबलाच्या खणातली. १९८७ साली देणगी घेण्यास बंदी करणारा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा राज्याने केला. एकीकडे परवानग्या आणि दुसरीकडे बंदी, अशी ही कसरत होती. खणातली यादी त्या कायद्याने संपली नाही, तिला वेगवेगळी नावे तेवढी मिळाली.

याच काळात गुणांवरचा विश्वासही डळमळला. १९८६ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावे लागले. १९९९ मध्ये नागपूर विद्यापीठाचा पुनर्मूल्यांकन आणि गुणपत्रिकांचा घोटाळा उघडकीस आला. १९२३ साली स्थापन झालेल्या, विदर्भाच्या अभिमानाचा विषय असलेल्या विद्यापीठाची अब्रू त्या वर्षी चव्हाट्यावर आली. या घोटाळ्याची किंमत प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांनाही मोजावी लागली, कारण नागपूरची गुणपत्रिका घेऊन बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. ज्या समाजातील मुलाकडे ओळख नाही, वशिला नाही, त्याच्याजवळ गुणपत्रिका हेच एकमेव भांडवल असते. ते भांडवल खोटे ठरले तर सर्वांत आधी तोच बुडतो.

न्यायालयांनी या क्षेत्रात लक्ष घातले ते नव्वदच्या दशकात. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात देणगी बेकायदेशीर ठरली. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांतील निम्म्या जागा ‘फ्री सीट’ आणि निम्म्या ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी झाली, दोन्हींसाठी गुणवत्ता यादी बंधनकारक झाली. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना रद्द केली व खाजगी संस्थांना अधिक स्वायत्तता दिली. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी खटल्यात प्रवेश व शुल्कावर देखरेख करण्यासाठी निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमण्याचा आदेश झाला. महाराष्ट्रातील प्रवेश नियंत्रण समिती आणि शिक्षण शुल्क समिती यांचा उगम तेथे आहे.

यानंतर आला पी. ए. इनामदार खटला. इनामदारसाहेबांचे नाव आपल्या वाचकांना सांगायला नको. पुण्याच्या आझम कॅम्पसमधील महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीचे ते अध्यक्ष. १२ ऑगस्ट २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्यासह सात न्यायाधीशांनी या खटल्याचा एकमताने निकाल दिला. विनाअनुदानित खाजगी संस्थांवर, मग त्या अल्पसंख्याकांच्या असोत वा बहुसंख्याकांच्या, सरकार आपला कोटा किंवा आरक्षण लादू शकत नाही, हा त्या निकालाचा बहुचर्चित भाग आहे. आरक्षणवादी चळवळीत त्यावर संताप व्यक्त झाला आणि त्रेण्णवाव्या घटनादुरुस्तीने कलम १५ (५) आले. अल्पसंख्याक संस्थांना मात्र त्यातून वगळण्यात आले. आपल्या संस्थाचालकांनी या निकालाचा हा भाग पाठ केला.

पण त्याच निकालाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येतो. न्यायालयाने म्हटले की, प्रवेशाची पद्धत न्याय्य, पारदर्शक आणि शोषणमुक्त असली पाहिजे. या कसोटीला पद्धत उतरली नाही तर सरकारला ती आपल्या हाती घेता येईल. देणगी घेता येणार नाही, अनिवासी भारतीयांसाठीच्या जागा जास्तीत जास्त पंधरा टक्के असतील. अल्पसंख्याक संस्थांनाही यातून सूट नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. स्वायत्तता ही पारदर्शकतेच्या अटीवर मिळालेली आहे. देशभरच्या संस्थाचालकांना हा धडा ज्या खटल्याच्या नावाने शिकविला जातो, ते नाव एका मराठी मुसलमानाचे आहे. त्या नावाचा अभिमान बाळगायचा असेल तर निकाल पूर्ण वाचला पाहिजे.

पुढच्या वर्षांत ही अट अधिकाधिक पक्की होत गेली. २०१५ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक संस्थांच्या प्रवेश व शुल्काचे नियमन करणारा कायदा केला आणि प्रवेश नियामक प्राधिकरण व सीईटी सेल अस्तित्वात आले. वैद्यकीय शिक्षणात खाजगी महाविद्यालयांच्या संघटना स्वतंत्र ‘असो-सीईटी’ घेत असत, २०१६ पासून ‘नीट’ आल्यावर त्या बंद झाल्या. ‘नीट’ अल्पसंख्याक संस्थांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२० रोजी स्पष्ट केले.

हे सगळे झाले, तरी प्रतीक्षा यादीचा प्रश्न संपलेला नाही. तो कोठे शिल्लक आहे हे समजण्यासाठी यादी कशी सरकते ते पाहावे लागेल. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ज्याला मुले ‘कॅप’ म्हणतात तिच्यात, आधी तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. त्यावर हरकती घेता येतात. मग अंतिम यादी, मग पसंतीक्रमाचा अर्ज, मग फेरीनुसार जागावाटप. प्रत्येक फेरीचा कट-ऑफ जाहीर होतो. आपल्यापेक्षा कमी गुणांच्या कोणाला जागा मिळाली काय, हे घरी बसून तपासता येते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागते, न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांत नाव राहत नाही. हा नियम ठाऊक नसल्यामुळे कोणीतरी सांगितले म्हणून भलतेच महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकणारी मुले असतात. ज्या घरात आधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्या घरातल्या मुलाचे नुकसान येथे होते. त्याला अन्याय म्हणून दाखविता येत नाही, कारण नियम तर जाहीरच असतो.

अंधार सुरू होतो तो केंद्रीय फेऱ्या संपल्यावर. संस्थास्तरावरील जागा आणि फेऱ्यांनंतर उरलेल्या जागा महाविद्यालय स्वतः भरते. त्यासाठी जाहिरात द्यावी, अर्ज मागवावेत, गुणवत्ता यादी व प्रतीक्षा यादी फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी, असे नियम सांगतो. पण या टप्प्यावर दिवस थोडे असतात, शेवटची तारीख तोंडावर आलेली असते आणि यादी कधी लागली, कधी निघाली हे बाहेरगावच्या मुलाला कळत नाही. प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्याला फोन केला होता पण त्याने उचलला नाही, हे उत्तर अनेकांनी ऐकले असेल. फोन कोणत्या दिवशी, किती वाजता केला, याची नोंद मागितली की संभाषण संपते. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या पदवी प्रवेशाची यादी तर दीर्घकाळ महाविद्यालयाच्या पातळीवरच तयार होत आली, आणि उत्तर नागपुरातील बहुसंख्य मुलामुलींची वाट तीच आहे.

या टप्प्यासाठी नियम नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००७ साली जाहीर सूचना काढून सांगितले होते की, वर्ग सुरू होण्यापूर्वी कोणी प्रवेश सोडला तर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्याला द्यावी आणि सोडणाऱ्याला जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून शुल्क परत करावे. २०१८ मध्ये आयोगाने शुल्क परतीचे नियम आणखी कडक केले व मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली. मूळ गुणपत्रिका एका महाविद्यालयाने दाबून ठेवली की विद्यार्थ्याला दुसरीकडे यादीत नाव लागूनही जाता येत नाही, म्हणून हा नियम महत्त्वाचा आहे. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने आला, देशात १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. १३ डिसेंबर २०१९ च्या कृष्णा श्रद्धा निकालाने वैद्यकीय प्रवेश बेकायदेशीरपणे नाकारल्या गेलेल्या विद्यार्थ्याला, तो वेळेवर न्यायालयात आला असेल आणि त्याची चूक नसेल तर, मुदतीनंतरही प्रवेश व भरपाई मिळू शकते हे मान्य केले. हत्यारे आहेत. ती वापरणारे हात आपल्या मोहल्ल्यांत कमी आहेत.

आपल्या मुलांना यादीत खाली ढकलणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कागद. ७ डिसेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने मुस्लिम ओबीसींच्या सवलतींचा मार्ग मोकळा झाला, त्यामागे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कष्ट होते. पण सवलत मिळवायची तर जातीचे प्रमाणपत्र, त्याची पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर हे सर्व लागते. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा द्यावा लागतो. आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. मोमीन, बागवान, कुरेशी, पिंजारी ही बिरादरी घरात सर्वांना ठाऊक असते, कागदावर नसते. मग मुलगा गुणांनी यादीत येतो आणि पडताळणीच्या मुदतीत यादीबाहेर जातो. इंदोऱ्याच्या बौद्ध बांधवांनीही असा काळ पाहिला आहे. १९५६ साली धर्मांतर केल्यानंतर केंद्राच्या सवलती त्यांना १९९० पर्यंत नाकारल्या गेल्या होत्या. त्यांनी कागदाची लढाई संघटितपणे लढली, हे आपण त्यांच्याकडून शिकले पाहिजे.

धोरणातली अनिश्चितताही यादीवर उमटते. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुसलमानांना शिक्षण व नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण दिले. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, मात्र शिक्षणातील आरक्षणाला हात लावला नाही. तरीही डिसेंबरात अध्यादेशाची मुदत संपली आणि नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. न्यायालयाने टिकविलेली गोष्ट विधिमंडळात विरून गेली. वैद्यकीय प्रवेशातील सत्तर-तीस ही विभागवार पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली, तेव्हा विदर्भातील मुलांची यादीही एका रात्रीत बदलली. यातले कोणते धोरण योग्य होते हा वेगळा वाद आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रश्न एवढाच की, अर्ज भरताना जो नियम होता तोच यादी लागताना राहील काय?

आता आपल्या घराकडे पाहू. नागपूर शहरात अकरावीचे प्रवेश २०१७ पासून ऑनलाइन झाले, २०२५ पासून ही पद्धत सर्व राज्यात आली. अल्पसंख्याक कनिष्ठ महाविद्यालयांत निम्म्या जागा त्या त्या समाजासाठी असतात. १९९१ च्या सेंट स्टीफन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित अल्पसंख्याक महाविद्यालयांबाबत हीच मर्यादा मान्य केली होती. या कोट्यातल्या जागा भरल्या नाहीत तर त्या केंद्रीय प्रवेशासाठी परत कराव्या लागतात. राज्यात दरवर्षी अशा जागा परत जातात. २०२५ मध्ये शासनाने अल्पसंख्याक संस्थांतील जागांना सामाजिक आरक्षण लावण्याचा निर्णय घेतला, तेव्हा संस्था उच्च न्यायालयात गेल्या आणि जून महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली. हक्क वाचला, हे चांगलेच झाले. पण ज्या जागांसाठी न्यायालयात धाव घेतली, त्या जागांची यादी आपण आपल्या मोहल्ल्यात वेळेवर पोहोचवितो काय? किती जागा आहेत, किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश मिळाला, किती जागा परत केल्या, हे चार आकडे आपल्या किती संस्था मशिदीच्या, ग्रंथालयाच्या किंवा शादीखान्याच्या फलकावर लावतात?

आम्हाला असे वाटते की, कलम ३० चे रक्षण न्यायालयात होते त्याहून अधिक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर होते. अल्पसंख्याक दर्जा घेणारी संस्था जर आपल्या समाजाच्या गरीब मुलाला न कळविता जागा परत करीत असेल, किंवा त्या जागेची किंमत ठरवीत असेल, तर त्या संस्थेच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरायला उद्या समाज तयार होणार नाही. आणि बाहेरचे टीकाकार, ज्यांना हा हक्कच नको आहे, त्यांच्या हातात आपण आयते कोलीत देऊ. पारदर्शकता ही सरकारने लादलेली कटकट आहे, असे मानणाऱ्या संस्थाचालकांनी हे ध्यानात घ्यावे की, ती त्यांच्याच हक्काची ढाल आहे.

यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. प्रतीक्षा यादी क्रमांकासह आणि गुणांसह लावावी. जागा रिकामी झाली तर कोणत्या दिवशी कोणाला कळविले, त्याची तारीख-वेळ त्याच यादीत लिहावी. ज्याला प्रवेश नाकारला त्याला एका ओळीत का होईना, लेखी कारण द्यावे. बारावीचा निकाल लागण्याची वाट न पाहता दहावीतच मुलांच्या जातीच्या कागदांची तपासणी मोहल्ल्यातील शिकलेल्या तरुणांनी करून घ्यावी. टेक्यातील मुसलमान, इंदोऱ्यातील बौद्ध आणि जरीपटक्यातील सिंधी कार्यकर्त्यांनी जून महिन्यात एकच मदत केंद्र चालविले तर तिन्ही समाजांच्या मुलांना त्याचा उपयोग होईल, कारण अर्ज एकच आहे, नियम एकच आहेत आणि शेवटची तारीखही एकच आहे.

धारवाडच्या सरकारी दप्तरात त्या मुलाचा अर्ज आणि त्यावरचा नकार राहिला, म्हणून पुढच्या पिढ्यांना त्याचा जाब विचारता आला. आपल्या मुलांना आज नकार मिळत असेल तर तो निदान लेखी मिळावा, आणि आपण कोणाला नकार देत असू तर तोही लेखी द्यावा, एवढी शिस्त आपल्या संस्थांनी अंगी बाणवली पाहिजे.